रकाना रिकामा ठेवू द्या: कोकणातल्या नर्सिंग कॉलेजांना खुलं पत्र

प्रति,
कोकणातल्या नर्सिंग स्कूल आणि कॉलेजांच्या प्राचार्या, पाठ्यनिर्देशिका आणि क्लिनिकल इन्स्ट्रक्टर यांस,

स.न.वि.वि.

चतुर्थीच्या सुट्टीत शेजारची मुलगी आमच्या खळ्यात येऊन बसली. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेच्या, शेवटच्या वर्षाला आहे. मांडीवर केसबुक, म्हणजे केलेल्या बाळंतपणांची नोंदवही, बाजूला तीन पेनं आणि एक लग्नपत्रिका. मी पातोळ्यांसाठी हळदीची पानं पुसत होते. तिने मान वर न करता विचारलं, "काकी, हिचा बीपी किती घालू?"

"कोण गो ही?"

"कोण नाय. पत्रिकेतला नाव."

पत्रिकेत 'आपले नम्र'च्या खाली घरातल्या सगळ्या बायकांची नावं ओळीने असतात. त्या सगळ्या त्या दुपारी गरोदर राहिल्या आणि संध्याकाळच्या आरतीआधी बाळंतही झाल्या. बाळांची वजनं अडीच ते तीन किलोच्या मधे. एकीलाही रक्तस्राव जास्त झाला नाही, एकीलाही टाका बसला नाही. तीन पेनं अशासाठी की वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं दिसावं. ही युक्ती तिची नव्हे, सीनियरने शिकवलेली. सीनियरला तिच्या सीनियरने.

हे पत्र आधी मुलींना लिहायला घेतलं होतं. दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा ते शाळेच्या प्रार्थनेनंतरच्या भाषणासारखं झालं. मग लक्षात आलं की त्या वहीत प्रत्येक पानाखाली एक सही लागते, आणि ती सही मुलीची नसते. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

माझ्याविषयी थोडं. मी 1983 साली ट्रेनिंगला लागले आणि 2023 साली सरकारी रुग्णालयातून परिसेविका, म्हणजे वॉर्डाची मुख्य सिस्टर, म्हणून निवृत्त झाले. शेवटची काही वर्षं तुमच्याच मुली माझ्या वॉर्डात पोस्टिंगला येत. तेव्हा त्यांच्या वह्यांवर मीही डोळे मिटून सह्या केल्या आहेत. त्यामुळे या पत्रात तक्रार जेवढी तुमची आहे तेवढी माझीही.

आता माझ्या स्वतःच्या वहीची गोष्ट. दुसरं वर्ष, मेल मेडिकलला नाईट, कापणीचे दिवस. भाताचा भारा उचलताना लाल विंचू चावलेला एक माणूस दाखल झाला. डॉक्टरांनी सांगितलं, दर तासाला नाडी, बीपी, श्वास. लाल विंचवाचं विष फसवं असतं. आधी घाम, उलट्या, हातपाय गार, बीपी चढलेला. मग हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. मधल्या काही तासांत माणूस बोलत असतो, पाणी मागत असतो. काय चाललंय ते फक्त आकड्यांत दिसतं.

मी दहाला मोजलं, अकराला मोजलं. बाराला दुसऱ्या खाटेवरचा एक पेशंट गेला, त्याचं सगळं आवरण्यात वेळ गेला. मग टेबलावर जरा डोकं टेकलं ते चारलाच उठले. बारा, एक, दोन, तीन. चार रकाने रिकामे. मी ते भरले. आकडे थोडे थोडे बदलते ठेवले, कारण एकसारखे आकडे खोटे दिसतात एवढं तोवर शिकले होते. सकाळी ड्युटीवर आलेल्या सिस्टर म्हणाल्या, चार्ट किती स्वच्छ ठेवलाय बघा.

तो माणूस वाचला. काही दिवसांनी चालत घरी गेला. तो दगावला असता तर मी बहुधा तिथल्या तिथे सुधारले असते. तो वाचला, म्हणून पुढचं वर्षभर मी तसंच करत राहिले.

खूप नंतर कळलं की त्याच काळात, ह्याच कोकणात, रायगड जिल्ह्यात महाडकडे एक डॉक्टर विंचूदंशाच्या पेशंटच्या उशाशी बसून आकडे मांडत होते. डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचवाने माणूस मरतो कसा, हेच तेव्हा नीट कळलेलं नव्हतं. त्यांच्याकडे ना आयसीयू होता ना मॉनिटर. बीपीचं यंत्र, स्टेथोस्कोप, घड्याळ आणि वही. त्या वहीतल्या नोंदींतून लाल विंचवाच्या दंशाची लक्षणं 1982 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, आणि पुढे प्रॅझोसिन ही साधी बीपीची गोळी विंचवावर चालते हे जगाला समजलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या त्या चार रकान्यांसारखे रकाने त्यांच्या वहीत असते तर ती गोळी कुणाला सापडली असती? हा विचार मला अजून कधीतरी रात्री येतो. असो.

मला थांबवलं ते एका परिसेविकेने. पुढे एका रात्री त्या दोनच्या फेरीला अचानक आल्या, चार्टांची थप्पी चाळली आणि म्हणाल्या, "काय गो, सगळा वॉर्ड 20 नेच श्वास घेतोय?" मी गप्प. "चल."

हात नाडीवर, डोळे छातीवर. श्वास मोजतोय हे पेशंटला कळू द्यायचं नाही, कळलं की तो बदलतो. पूर्ण एक मिनिट मोजायचं, पंधरा सेकंद गुणिले चार नाही. असं करत 26 खाटा फिरलो. अकरा नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला मिनिटाला 34. संध्याकाळी त्याचा ताप उतरला होता, शांत झोपलाय म्हणून आम्ही समाधानात होतो. डॉक्टरना उठवलं, ऑक्सिजन लावला. मग बाईंनी माझा तो 20 खोडला नाही. त्याच्या शेजारी लाल शाईने लिहिलं, 'दोनचं रीडिंग घेतलेलं नव्हतं. 2.40 ला मोजले, 34.' खाली मला सही करायला लावली. मेट्रनकडे तक्रार नाही, रजा बंद नाही, चारचौघांत बोलणं नाही.

'घेतलेलं नव्हतं.' सरकारी कागदावर हे शब्द मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. त्यानंतरही फार वेळा पाहिले नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या केसबुकात, चार्टमध्ये, हजेरीत हे शब्द लिहायला जागा नाही. जो रकाना आहे तो भरलेलाच हवा. रिकामा दिसला की लाल गोल, वही परत, दंड, आणि वही पूर्ण झाल्याशिवाय हॉल तिकीट नाही. अंतर्गत गुण तुमच्या हातात. आईने मंगळसूत्र सोसायटीत गहाण ठेवून फी भरलेली. अशा वेळी अठरा वर्षांची मुलगी काय करील असं तुम्हाला वाटतं?

बाळंतपणांचा हिशोब तर सरळसरळ मांडून बघा. आमच्या वेळी केसबुकात स्वतःच्या हाताने केलेल्या 20 नॉर्मल डिलिव्हरी लागत. अभ्यासक्रमागणिक हा आकडा कमीजास्त होतो, हिशोबाला 20 च धरते. बॅचमध्ये 40 मुली धरल्या तर 800 बाळंतपणं झाली. एका बाळंतपणात बाळ झेलणारे हात दोनच असतात. आता आपला मुलूख बघा. 2001 ते 2011 च्या दशकात मुंबई शहर सोडलं तर राज्यात लोकसंख्या घटलेले जिल्हे दोनच, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. तरुण जोडपी मुंबई-पुण्याला. जी इथे आहेत त्यातल्या अडलेल्या केसेस कोल्हापूरला, नाहीतर गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. ज्यांना परवडतं त्या खाजगीत, आणि तिथे सिझर. उरलेल्या नॉर्मलसाठी एकाच लेबर टेबलाभोवती दोन-तीन कॉलेजांच्या मुली, त्यात 2021 पासून सिंधुदुर्गात आणि 2023 पासून रत्नागिरीत सरकारी मेडिकल कॉलेज, म्हणजे एमबीबीएसची पोरंही आली. त्या बिचाऱ्या बाईला पाय पसरून पडल्या पडल्या काय वाटत असेल, हा वेगळाच विषय.

मग होतं असं की बाळंतपण एक आणि ते दहा केसबुकांत. प्रत्येक वहीत 'स्वतः केली'. प्रत्यक्षात स्टाफ सिस्टरने केली, एका मुलीने बाळ पुसलं, दुसरीने नाळेचा चिमटा दिला, बाकीच्या पडद्यापाशी उभ्या होत्या. हे तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही, परीक्षेला येणाऱ्या बाहेरच्या मॅडमनाही. लग्नपत्रिका तर त्याच्या पुढची पायरी झाली.

कुणी म्हणेल, कागदाचं काय एवढं, मुली पुढे कामावर शिकतात. शिकतात, मी शिकले. पण हाताला लागलेली सवय कामावरही सोबत येते. वर्गातली अप्रामाणिकता आणि वॉर्डातली अप्रामाणिकता यांचा संबंध अमेरिकेत गेल हिल्बर्ट यांनी 1985 साली नर्सिंगच्याच विद्यार्थ्यांत तपासला होता आणि तो त्यांना आढळला होता. मला त्यासाठी अमेरिकेत जावं लागलं नाही. आपल्या लेबर रूममध्ये पार्टोग्राफ, म्हणजे कळा सुरू असताना भरायचा बाळंतपणाचा तक्ता, कधी भरला जातो ते बघा. बाळाचे ठोके अर्ध्या अर्ध्या तासाने, कळा अर्ध्या तासाने, पिशवीचं तोंड किती उघडलं ते चार तासांनी. रेघ तक्त्यावर छापलेल्या धोक्याच्या रेघेच्या, अलर्ट लाईनच्या, उजवीकडे गेली की बाई अडतेय, वरच्या दवाखान्यात हलवा. आपल्याकडे वरचा दवाखाना म्हणजे कधी घाट चढून. तेव्हा ते दोन-तीन तास हातात असणं हाच सगळा खेळ. आणि पार्टोग्राफ भरला जातो बाळ झाल्यावर, चहा घेताना, आठवून. बाळ झाल्यावर काढलेली रेघ कधीच अलर्ट लाईन ओलांडत नाही.

दुसरी गोष्ट सापाची. आपल्याकडे फुरसं आणि घोणस. दोघांचं विष रक्त गोठू देत नाही. ते कळायला महागडं यंत्र लागत नाही: दोन मिली रक्त, स्वच्छ कोरडी काचेची टेस्ट ट्यूब, आणि 20 मिनिटं. ट्यूब हलवायची नाही. 20 मिनिटांनी एकदा तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर अँटिव्हेनम सुरू. नंतरही सहा-सहा तासांनी पुन्हा तीच तपासणी. गर्दीच्या ओपीडीत ही 20 मिनिटं फार लांब असतात. सातव्या मिनिटाला कुणी 'गोठलं' लिहिलं, किंवा ट्यूब साबणाने धुतलेली होती हे सांगायला कुणी लाजलं, तर त्या चाचणीत उरतं काय? मी एका मुलीला ट्यूबसमोर घड्याळ धरून बसलेलं पाहिलंय. नातेवाईक ओरडत होते की सिस्टर नुसत्या बसल्या आहेत. ती उठली नाही. तिचं केसबुक गलिच्छ असायचं, अक्षर कोंबडीचे पाय. गुण किती पडले असतील ते तुम्हीच सांगा.

केअर प्लॅनबद्दल, म्हणजे पेशंटची काळजी कशी घ्यायची ते मुलींनी लिहायच्या आराखड्याबद्दल, थोडक्यात. आधी सीनियरच्या वहीतून उतरायचे, आता मोबाईल लिहून देतो, इंग्रजी झकास. गेल्या वर्षी एका मुलीने मला वाचायला दिला. पेशंट वेंगुर्ल्याकडची मासे विकणारी बाई, बीपी वाढलेला. प्लॅनमध्ये होतं की रुग्णाला ओट्स आणि कमी मिठाचं सूप द्यावं. मी विचारलं, ती पावसाळाभर काय खाते ते विचारलंस? नाही. पेज आणि खारा बांगडा खाते, कधी सुकट. मीठ तिथे आहे, डाळीच्या फोडणीत नाही. बाईशी पाच मिनिटं बोललं असतं तर प्लॅन दोन ओळींचा झाला असता आणि उपयोगाचा. पण दोन ओळींना तुम्ही गुण देत नाही, चार पानांना देता.

आता जे लिहिणार आहे ते काहींना झोंबेल. मुली खोटं कुणाकडून शिकतात? निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांत मला एका संस्थेतून फोन आला. संस्थेचं नाव इथे घेत नाही. "मॅडम, आमच्याकडे शिक्षिका म्हणून नाव लावू, शिकवायला यायची गरज नाही. रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटची प्रत आणि फोटो द्या, इन्स्पेक्शनच्या दिवशी फक्त या. महिन्याला ठरावीक रक्कम खात्यावर." मी लगेच नाही म्हटलं असं सांगितलं तर तेही खोटं होईल. दोन दिवस विचार केला. पेन्शन आहे, पण मुलाच्या घराचा हप्ताही आहे. तिसऱ्या दिवशी नाही कळवलं. त्यांना दुसरं कुणीतरी मिळालं असेलच. त्या दिवशी तिथे ज्या मुली पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये ओळीने उभ्या केल्या असतील, त्यांनी खुर्चीतल्या अनोळखी मॅडमकडे बघून काय शिकलं असेल? आणि रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणासाठी गुण लागतात म्हणून कार्यशाळेला येऊन, सही करून, दुपारी बाजारात गेलेल्या आम्ही. तेही त्याच यादीत धरा.

हे वाढत गेलं की कुठे जातं ते दिसलेलं आहे. मध्य प्रदेशात कागदावरच्या नर्सिंग कॉलेजांची सीबीआय चौकशी उच्च न्यायालयाला लावावी लागली, आणि 2024 मध्ये त्या चौकशीतलेच अधिकारी लाचेच्या प्रकरणात पकडले गेले. अमेरिकेत फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांनी 7,600 हून अधिक खोट्या पदविका विकल्याचं 2023 च्या जानेवारीत उघडकीला आलं. त्यातले सुमारे 2,400 जण लायसन्सची परीक्षा पासही झाले होते. मला त्या प्रकरणातली ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. पेपर लिहिता येतो. परीक्षेत 34 चा श्वास ऐकू येत नाही. तो ज्या तासांत ऐकायला शिकतात, तेच तास केसबुकात मोजायचे असतात, आणि तेच आपण पत्रिकेवरून भरू देतो.

तर मागणी. केसबुकात आणि मुलींच्या चार्टमध्ये 'घेतलं नाही' किंवा 'केली नाही' हे उत्तर ग्राह्य धरा, कारण एका ओळीत, आणि त्याचे गुण कापू नका. कापायचेच तर खोट्या आकड्याचे कापा. बाळंतपण 'पाहिलं', 'मदत केली' आणि 'स्वतः केली' हे तीन शब्द वेगळे ठेवा आणि मुलीला खरा शब्द लिहू द्या. 20 च्या जागी 6 झाल्या तर 6. मग तुम्ही नर्सिंग परिषदेला आणि विद्यापीठाला पत्र लिहा की आमच्या जिल्ह्यात इतक्या मुलींना पुरतील एवढी नॉर्मल बाळंतपणं होत नाहीत. मोठ्या रुग्णालयात दोन महिने पाठवायची परवानगी द्या, नाहीतर आमच्या जागा कमी करा. जागा कमी करा असं कुठलं कॉलेज लिहील, असं हसू नका. एकाने लिहून बघावं.

आणि सही खाटेपाशी. स्टाफरूममध्ये शनिवारी चाळीस वह्यांची चळत घेऊन बसायचं आणि शिक्क्यासारखी सही मारत सुटायचं, हे बंद. महिन्यातून एकदा तरी मुलीबरोबर तुम्ही स्वतः एक मिनिट श्वास मोजा. तुमचा आणि तिचा आकडा जुळतो का बघा. पहिल्यांदा नाही जुळणार. माझाही बाईंशी जुळला नव्हता, दोनचा फरक होता.

यावर एक पाठ्यनिर्देशिका मैत्रीण मला म्हणाली, "अगं, 'घेतलं नाही' लिहायची सोय दिलीस तर त्या रोज तेच लिहितील." लिहितील काही. पण मग निदान कळेल तरी की कुणी घेतलं नाही, कुठल्या वॉर्डात, कुठल्या पाळीला. रात्री चाळीस पेशंटना दोन विद्यार्थिनी ठेवल्या होत्या हेही त्यातून कळेल, आणि ते कळणं रुग्णालयाला परवडणारं नसतं. मला वाटतं, खरी भीती मुलींच्या आळसाची नाही, ह्याची आहे. भरलेल्या चार्टमुळे मुलगी वाचते, तुम्ही वाचता, वॉर्ड वाचतो, रुग्णालय वाचतं. अकरा नंबर तेवढा राहतो.

मी मालवण तालुक्यात राहते. मंगळवार सोडून कुठल्याही दिवशी कुठल्याही कॉलेजने बोलावलं तर येईन. मानधन नको, एसटीचं हाफ तिकीट आहे. सर्टिफिकेटची प्रत मात्र मिळणार नाही.

कळावे,
एक निवृत्त परिसेविका

ता.क. शेजारच्या मुलीने पत्रिकेवरची सगळी पानं फाडली. माझ्यासमोर नाही, घरी जाऊन, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नंतर येऊन सांगितलं की खरी पानं भरली आहेत, 'स्वतः केल्या' 4, 'मदत केली' 7, आणि बाकीच्या रकान्यांत 'संधी मिळाली नाही' असं लिहिलंय. वही गेल्या सोमवारी जमा केली. अजून परत आलेली नाही. ज्यांच्या टेबलावर ती असेल, त्यांना ती ओळखू येईल.